क्षय आणि घराणें

(तासगांव तालुक्यांतील एका गांवीं शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें भाषण)



मला आज एका रोगाविषयीं बोलावयाचें आहे, पण आरंभ सोयरिकीपासून करतों. कारण आपल्या सातारा-सांगलीकडे हा रोग दवाखान्यांत जितका बोलला जात नाहीं तितका सोयरिकीच्या बैठकींत बोलला जातो. मुलगी पसंत पडते, घर पसंत पडतें, सुपारी फुटण्याची वेळ येते, आणि कोणी तरी पाहुणा दुसऱ्याच्या कानाशीं लागून म्हणतो, "पोरगी झ्याक हाय, पण घराणं क्षयाचं हाय." झालें! पाहुणे चहा पिऊन उठतात आणि पुन्हां त्या वाटेनें फिरकत नाहींत.

हें ऐकीव सांगत नाहीं. आमच्या घरीं घडलें. आमचें गांव पाटण खोऱ्यांतलें. आमचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असूं, मुंबईस मस्जिद बंदरच्या गोदामांत ओझीं वाहत. एका खोलींत पंधरा-वीस गडी, पाळीपाळीनें निजणारे. एक खिडकी, तीही चोराच्या भीतीनें बंद. १९६८ च्या पावसाळ्यांत आबा खोकत घरीं आले. डॉक्टर म्हणाले, बेडका तपासून घ्या. आबांनीं तपासला नाहीं. कारण एकच: आमची आक्का लग्नाची होती. बेडक्यांत क्षय निघाला तर पोरगी घरांत राहील, म्हणून त्यांनीं लोकांना दमा आहे असें सांगितलें. आठ महिने तो दमा आम्हीं सांभाळला. शेवटीं बातमी फुटली ती फुटलीच, सोयरीक मोडली ती मोडलीच, आणि शिमग्याच्या आधीं आबा गेले. धाकटा भाऊ साडेतीन वर्षांचा, रोज आबांच्या कुशींत निजणारा. त्याच्या मानेला गांठी आल्या. वर्षाहून अधिक काळ त्यानें सुया आणि गोळ्या घेतल्या, तेव्हां तो वांचला. आक्कानें आठ महिने आबांचें थुंकीचें भांडें धुतलें. तिला कांहीं झालें नाहीं. मी त्याच घरांत वाढलों. मलाही कांहीं झालें नाहीं.

आतां विचार करा. रक्त एक, घर एक, तवा एक. पण तिघां भावंडांची गत तीन तऱ्हेची. क्षय रक्तांतून उतरणारा असता तर तिघांनाही उतरावयास हवा होता. नुसत्या जंतूनेंच सारें होत असतें तरीही तिघे आजारी पडावयास हवे होते. मग खरें काय? याच प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत माझीं बरींच वर्षें गेलीं, आणि जें हातीं लागलें तें आज तुमच्यापुढें मांडतों.

पहिली गोष्ट पक्की आहे. क्षय जंतूंनीं होतो. २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन शहरीं रॉबर्ट कॉख या डॉक्टरानें तो जंतु जगाला दाखविला. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकला, शिंकला, मोठ्यानें बोलला कीं जंतु हवेंत जातात, आणि कोंदट जागेंत तासन् तास तरंगत राहतात. ताटांतून, वाटींतून, अंथरुणाला हात लागल्यानें हा रोग पसरत नाहीं, श्वासांतून पसरतो. ज्याला जंतूची बाधा झाली नाहीं त्याला, त्याचें घराणें कांहींही असो, क्षय होणार नाहीं.

दुसरी गोष्ट तितकीच पक्की, पण आपल्यांतील थोड्यांनाच ठाऊक आहे. ज्याला बाधा झाली तो प्रत्येक जण आजारी पडत नाहीं. जगांतील सुमारे चौथाई माणसांना आयुष्यांत केव्हां ना केव्हां या जंतूची बाधा झालेली आहे, आणि त्यांतील शेंकडा पांच ते दहाच पुढें आजारी पडतात. बाकीच्यांचें शरीर जंतूला कोंडून ठेवतें किंवा मारून टाकतें. १९३० सालीं जर्मनींतील ल्यूबेक गांवीं एक भयंकर चूक घडली. अडीचशेंहून अधिक तान्ह्या मुलांना लस म्हणून जें पाजलें गेलें त्यांत जहाल क्षयजंतु मिसळले होते. सत्तरांहून अधिक बाळें दगावलीं. पण बहुतेक बाळें, कोणत्याही औषधावांचून, वांचलीं! कोणाच्या पोटांत जंतु किती गेले यानें फरक पडलाच, पण बाळाबाळाच्या अंगच्या शक्तींतही फरक होता.

हा अंगच्या शक्तींतला फरक येतो कोठून? येथें आपली शेतीच आपल्याला शिकवील. तुमच्या बागेंतील तास-ए-गणेशची द्राक्षें बियांपासून होत नाहींत, काडीपासून होतात. म्हणजे सारा प्लॉट एका रक्ताचा. तरी दावण्या येतो तेव्हां तो आधीं कोठें धरतो? जेथें पानांची दाटी आहे, दंव साचतें, वारा खेळत नाहीं, तेथें. रक्त एकच, पण जागेनें रोग ठरविला. आतां शेजारच्या गावरान ज्वारीच्या शेतांत चला. वाण मिसळ आहे. एकाच सरींत, एकाच खताशेणावर एक ताट रोगानें वाळतें आणि शेजारचें ताठ उभें राहतें. येथें जागा एक, पण बियाण्यानें रोग ठरविला. माणसाचें दोन्ही तऱ्हेनें आहे. बियाणेंही आहे आणि जमीनही आहे. जो म्हणतो कीं सारें बियाण्यांतच आहे तो चुकतो, आणि जो म्हणतो कीं बियाण्याचा कांहींच संबंध नाहीं तोही चुकतो.

बियाण्याचें आधीं पाहूं. आईबापांकडून जे गुण आपल्यांत उतरतात त्यांच्या बारीक लिखाणाला जनुक म्हणतात. अंगांत जंतु शिरला कीं रक्तांतील शिपाई पेशी त्याला गिळते. पण नुसतें गिळून भागत नाहीं. गिळलेला जंतु मारण्यासाठीं दुसऱ्या पेशींकडून तिला हुकूम यावा लागतो. हा हुकूम लिहिणारें, पोंचविणारें आणि वाचणारें निरनिराळें जनुक असतें. कांहीं थोड्या मुलांत यांपैकीं एखादें जनुक दोन्ही बाजूंनीं, बापाकडून आणि आईकडूनही, बिघडलेलें येतें. अशा मुलाला क्षय जबर होतोच, पण बी.सी.जी. लसींतला दुबळा जंतुदेखील अंगभर पसरूं शकतो. हा प्रकार फार क्वचित् आढळतो, म्हणून भिऊन लस टाळूं नका. लस तान्ह्या मुलांना मेंदूच्या क्षयापासून वांचविते. पण जवळच्या नात्यांत लग्नें झालीं कीं दोन्हीकडून एकच बिघाड येण्याचा संभव वाढतो. मामाची मुलगी करण्याची आपल्याकडे चाल आहे. मी कोणाच्या चालीरीतीची टिंगल करावयास आलों नाहीं; पण अशा घरांत लस दिल्यावर मूल अतिशय आजारी पडलें असेल किंवा लहान मुलें जबर रोगांनीं गेलीं असतील तर तें डॉक्टरांना मोकळेपणानें सांगा, आणि पुढच्या मुलाला लस देण्याआधीं विचारा.

हे झाले क्वचित् आढळणारे बिघाड. सामान्य माणसांचें काय? १९९८ सालीं आफ्रिकेंतील गांबिया देशांत एका जनुकांतील बदल क्षयरोग्यांत अधिक आढळला. लोकांना वाटलें, क्षयाचें मूळ सांपडलें! पण तोच बदल दुसऱ्या देशांत शोधला तेव्हां कोठें जुळला, कोठें जुळला नाहीं. युरोपांत टी.वाय.के. २ नांवाच्या जनुकांतील एक बदल दोन्हीकडून आला तर क्षयाचा धोका पुष्कळ वाढतो हें सिद्ध झालें. पण तेथील क्षयरोग्यांत त्या कारणानें आजारी पडलेले निघाले शेंकडा सुमारे एक. राहिलेल्या नव्याण्णवांचें काय?

याहून सोपा पुरावा जुळ्यांचा आहे. एका गर्भापासून झालेल्या जुळ्यांचें रक्त तंतोतंत एक असतें. दोन गर्भांच्या जुळ्यांचें सख्ख्या भावंडांइतकेंच. इंग्लंडांत जुळ्यांची मोठी पाहणी झाली होती. १९७८ सालीं जॉर्ज कॉमस्टॉक यांनीं तिचे आंकडे पुन्हां तपासले. एका जुळ्याला क्षय झाला असतां दुसऱ्यालाही झाल्याचें प्रमाण एकरक्ताच्या जुळ्यांत शेंकडा सुमारे ३१ आणि दुसऱ्या जुळ्यांत शेंकडा सुमारे १५ निघालें. म्हणजे बियाण्याला अर्थ आहे. पण दुसरी बाजूही पहा. रक्त तंतोतंत एक, तरी शंभरांतील सुमारे एकोणसत्तर जुळे आपल्या भावंडाला क्षय झाला असतांही निरोगी राहिले! पुढें २००७ सालीं हीच पाहणी पुन्हां एकदां तपासली गेली, तेव्हां जुळीं भावंडें किती जवळ राहत होतीं, एका घरांत होतीं कीं नव्हतीं, याचाच वाटा मोठा असावा असें दिसून आलें.

आतां ज्या शब्दानें आमच्या आक्काची सोयरीक मोडली त्या 'घराणें' या शब्दाकडे वळूं. पुराणांत कथा आहे कीं चंद्राला सासऱ्याच्या शापानें क्षय जडला. पुढें लोक म्हणूं लागले, क्षय पूर्वजन्मींच्या पापानें होतो. आतां शिकलेले लोक म्हणतात, त्यांच्या जीन्समध्येंच आहे. शाप गेला, पाप आलें. पाप गेलें, जीन आली. शब्द बदलले, पण गरिबाला "तुझें तूं भोग" म्हणून सांगण्याची रीत बदलली नाहीं. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणाऱ्यांनीं आपल्या वाडवडिलांना पुष्कळ छळलें आहे. तीच चूक आपण आपल्या सोयऱ्याधायऱ्यांच्या बाबतींत कां करावी?

रक्ताची उंचनीच क्षयाला ठाऊक नाहीं. माधवराव पेशवे १७७२ सालीं थेऊर येथें क्षयानें गेले. वय अवघें सत्तावीस. पेशव्यांच्या वाड्यांत दूधतुपाची वाण नव्हती आणि कुळाच्या शुद्धतेची तर मुळींच नव्हती. अमेरिकेहून डॉक्टरीण होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी १८८७ सालीं पुण्यास क्षयानेंच गेल्या. म्हणून त्या घराण्यांना कोणीं क्षयाचीं घराणीं म्हटलें नाहीं. तें नांव राखून ठेवलें तें हमालाच्या आणि विणकराच्या घराण्यासाठीं! १९७२ सालीं रिचर्ड ल्युवाँटिन या शास्त्रज्ञानें मोजून दाखविलें कीं माणसामाणसांतील आनुवंशिक फरकांपैकीं शेंकडा सुमारे ८५ फरक एकाच समाजाच्या पोटांत आढळतात. सोप्या भाषेंत, क्षयाशीं झुंजण्याचें कमीजास्त बळ तुमच्या जातींतही आहे, माझ्या जातींतही आहे, एका आईच्या दोन लेंकरांतही आहे. तें जातीवरून किंवा आडनांवावरून ओळखतां येत नाहीं.

मग एकाच घरांत तीनतीन माणसें क्षयानें कां जातात? कारण घर नुसतें रक्त वाटून घेत नाहीं. घर हवा वाटून घेतें, धूर वाटून घेतें, भूक वाटून घेतें आणि धंदाही वाटून घेतें. खडी फोडणारा, जातीं घडविणारा पाथरवट दगडाची बारीक धूळ छातींत घेतो. त्या धुळीनें फुप्फुस दगडासारखें होतें आणि क्षयाला वाट मोकळी मिळते. बापाच्या मागें मुलगा त्याच खाणींत जातो, आणि गांव म्हणतें, घराण्यांतच आहे! जावळी-पाटणचा माणूस मुंबईच्या खोलींतून जंतु आणतो. खानापूर-आटपाडीचा गलाईवाला परमुलखांत लहानशा खोलींत सोनेंचांदी गाळतो, आम्लाच्या वाफा छातींत घेतो आणि तेथेंच निजतो. ऊंसतोडीचें कुटुंब पालाच्या कोपींत राहतें आणि औषध अर्धवट असतांनाच दुसऱ्या कारखान्याची वाट धरतें. विडी, दारू आणि मधुमेह हे तिघे क्षयाचे सोबती. मधुमेहानें धोका दुपटी-तिपटीनें वाढतो. आणि आमची घरधनीण? सकाळसंध्याकाळ चुलीचा धूर खाते, सर्वांना वाढून झाल्यावर उरलेंसुरलें खाते. तिचें अंग झिजलें तर तें तिच्या माहेरच्या रक्तानें झिजलें काय?

यावर दोन बळकट पुरावे आहेत. इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून क्षयाचे मृत्यु उतरूं लागले आणि क्षयाचें पहिलें खरें औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ सालीं हातीं येण्यापूर्वींच ते निम्म्याहून खूप खालीं आले होते. तीनचार पिढ्यांत लोकांचें रक्त बदलत नसतें. बदललें तें पोट, घर आणि मजुरी. दुसरा पुरावा आपल्या देशांतला, झारखंडांतला. २०१९ ते २०२२ या काळांत डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २,८०० क्षयरोग्यांच्या घरांतील दहा हजारांवर माणसांची पाहणी केली. रोग्यांना सर्वत्र शिधा दिला. पण निम्म्या भागांत घरच्या माणसांनाही माणशीं दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत फुप्फुसाचा नवा क्षय जवळजवळ निम्म्यानें कमी झाला! माणसें तींच, रक्त तेंच. फरक पडला तो डाळतांदळानें. जनुक बदलतां येत नाहीं हें खरें. पण ताट बदलतां येतें, खिडकी उघडतां येते.

आतां औषधाविषयीं. एके काळीं क्षयाला हवा, विश्रांति आणि दूधअंडीं याखेरीज उपाय नव्हता. पांचगणीच्या थंड हवेंत आणि मिरजेजवळ वानलेसवाडीस क्षयरोग्यांसाठीं आरोग्यधामें उभीं राहिलीं. त्यांनीं पुष्कळांची सेवा केली. परंतु सहा-आठ महिने नांगर सोडून खाटेवर पडणें किती शेतकऱ्यांना परवडणार? मग मद्रासेस १९५६ सालीं सुरूं झालेल्या क्षयकेंद्रानें दाखवून दिलें कीं गरीब, दाटीच्या घरांत राहून नेमानें औषध घेणारा रोगी आरोग्यधामांतल्या रोग्याइतकाच बरा होतो. आणि औषध सुरूं असतां त्याच्यामुळें घरच्यांचा धोकाही वाढत नाहीं. १९५९ सालीं हें प्रसिद्ध झालें आणि जगानें तें उचललें. रोग्याला गोठ्यांत नेऊन टाकणाऱ्यांनीं हें ध्यानांत धरावें.

मद्रासेसच आणखी एक गोष्ट पाहण्यांत आली. आयसोनियाझिड हें क्षयाचें मुख्य औषध कोणाचें यकृत झटकन् पचवितें, कोणाचें सावकाश. हा फरकही आईबापांकडूनच येतो. आठवड्यांतून एकदांच औषध दिलें तर झटकन् पचविणाऱ्यांना गुण कमी येई. रोजच्या रोज दिलें तर दोघांनाही सारखाच गुण. पहा, रक्तांतला फरक खरा होता, पण नेमानें त्याच्यावर मात केली! सावकाश पचविणाऱ्याला मात्र हातापायांना मुंग्या येणें, कावीळ होणें असा त्रास अधिक संभवतो. म्हणून मळमळ सुटली, लघवी गडद आणि डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जा. औषध आपल्या मनानें टाकूं नका; शेजाऱ्याला सोसलें म्हणून मलाही सोसेल, असेंही म्हणूं नका. क्षयाच्या औषधांपैकीं रिफाम्पिसिननें लघवी तांबूस होते त्याला मात्र भिऊं नये.

आतां तुम्हीं करावयाचें काय तें सांगून मी बसतों. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळची कणकण, वजन घटणें, बेडक्यांत रक्त, यांपैकीं कांहीं दिसलें तर सरकारी दवाखान्यांत बेडका तपासा. तपासणी फुकट, औषधही फुकट. साध्या क्षयाला सहा महिने लागतात. औषधांना न जुमानणारा असेल तर डॉक्टर वेगळें औषध देतात. दोन महिन्यांत बरें वाटतें आणि तेथेंच लोक औषध सोडतात. तेथेंच घात होतो. एकाला क्षय निघाला तर घरांतल्या सर्वांची, विशेषतः पोरांची, तपासणी करून घ्या. त्यांना रोग होऊं नये म्हणूनही औषध मिळतें. रोग्याच्या खाण्यासाठीं सरकार २०१८ पासून दरमहा पांचशें रुपये देत आलें, नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार केले. तें मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. आणि घरधनिणीला सर्वांबरोबर जेवावयास बसवा. याला तर दमडीही लागत नाहीं.

आणि सोयरीक जुळवितांना, "घराण्यांत क्षय आहे काय?" हें विचारूं नका. "कोणाला झाला होता काय, आणि औषध पुरें केलें काय?" एवढें विचारा. ज्यानें औषध पुरें केलें त्याच्या घरीं लेंक द्यावयास भय नाहीं. भय आहे तें दमा म्हणून सांगणाऱ्या घराचें. आणि त्याला तसें सांगावयास लावणारे आपणच आहोंत.

आमच्या आक्काचें लग्न पुढें तीन वर्षांनीं झालें. तिला चार लेंकरें, दहा नातवंडें. एकालाही क्षय नाहीं. धाकट्या भावाचीही मुलें धट्टींकट्टीं आहेत. आबांनीं बेडका तपासला असता तर आक्काच्या अक्षता टाकावयास ते उभे असते. त्यांना क्षयानें नेलें हें अर्धें खरें. अर्धें त्यांना आपल्या गांवच्या कुजबुजीनें नेलें. जंतूला मारावयास गोळी आहे. ती कुजबूज मात्र आपली आपणच बंद केली पाहिजे, आणि ती आज या मांडवापासून बंद व्हावी एवढें मागून मी आपली रजा घेतों.